बोट कुठं ठेवायचं?

आमच्या हौशी नाट्यसंस्थेचा लाइट बोर्ड, म्हणजे स्टेजवरचे दिवे चालवायची पेटी, ऐन तालमीत गेला. जळला नाही की पडला नाही. नेहमीसारखा लावला, मास्टर वर केला, तर २४ पैकी ९ चॅनेलंच जिवंत निघाली. संस्थेचे लाइट सांभाळणाऱ्या काकांनी फेडरांच्या, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या खटक्यांच्या, फटीत फुंकर मारली, स्प्रे मारला, दोन थापट्या दिल्या. मग टोपी काढून शेजारी ठेवली आणि म्हणाले, "संपलं बघ."

बोर्ड टू प्रीसेटचा होता. वर २४ फेडरांची एक रांग, खाली तशीच दुसरी. वरच्या रांगेवर प्रवेश चालू असताना खालच्या रांगेत पुढचा क्यू, म्हणजे उजेडाचा पुढचा बदल, मांडून ठेवायचा आणि वेळ आली की दोन क्रॉसफेडर एकमेकांविरुद्ध सरकवायचे. काकांनी ३० वर्षं हे केलं. नोकरी साखर कारखान्यात वायरमनची, पण सांगलीत आयुष्य काढलेल्या माणसाला १८४३ सालच्या 'सीता स्वयंवरा'चा अभिमान जन्मजात असतो, आणि दोन-चार नाटकं अंगावर असतातच. काकांच्या अंगावर शंभर तरी असतील. दहा बोटांत ते सात फेडर वेगवेगळ्या वेगाने खाली आणायचे आणि आठवा तिथेच ठेवायचे. मी ते लहानपणापासून विंगेतून पाहत आलो.

मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये असिस्टंट. त्यामुळे संस्थेच्या बैठकीत सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. "तू कॉम्प्युटरचं बघतोस न्हवं?" मी कॉम्प्युटरचं बघत नाही, सोल्डरिंगचं आणि मोडलेल्या प्रोबचं बघतो, पण तो फरक तिथे कुणाला सांगणार?

संस्थेकडे होते १८,००० रुपये. स्पर्धेचं नाटक तोंडावर, प्रयोगाला अडीच महिने. दर तालमीला आणि प्रयोगाला बोर्ड भाड्याने आणायचा तर दोन-तीन वेळांतच पैसे संपले असते. लॅपटॉप होता, ताईंच्या भाचीचा, जुना. ताई म्हणजे आमच्या दिग्दर्शिका. भाची बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती आणि तिला नाटकात "काहीही चालेल, फक्त स्टेजवर नको" असं काम हवं होतं. म्हणजे लॅपटॉपबरोबर ऑपरेटरही फुकट मिळाली.

इंटरनेटवर सॉफ्टवेअर शोधायला बसलो आणि पहिले चार दिवस वाया घालवले. जाहिरातीत जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं त्याच्यामागे लागलो. किती युनिव्हर्स (म्हणजे चॅनेलांचे गठ्ठे) चालतात, किती हजार पॅरामीटर, थ्रीडीमध्ये स्टेज दिसतं का. पाचव्या दिवशी कागद घेऊन आमचा हिशेब मांडला. ज्या थिएटरला स्पर्धा, तिथे डिमरवरचे, म्हणजे उजेड कमी-जास्त करता येणारे, हॅलोजन दिवे आम्हाला १२ मिळणार होते. आमचे स्वतःचे एलईडी पार, म्हणजे रंग बदलणारे डबे-दिवे, १४. प्रत्येक पारला सात चॅनेल: एक डिमर, मग लाल, हिरवा, निळा, पांढरा, एक स्ट्रोबचं आणि एक तयार रंगांचं, जे कुणी चुकूनही वापरू नये. १४ सत्ते ९८, अधिक १२, एकूण ११०. बोर्डाने दिव्यांशी बोलायची जी भाषा, डीएमएक्स, तिच्या एका युनिव्हर्समध्ये ५१२ चॅनेल मावतात. म्हणजे जगातलं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर आमच्या नाटकाला साडेचारपट पुरलं असतं. तो प्रश्न तिथेच संपला.

काकांना डीएमएक्स समजावून सांगताना मलाच ते नीट समजलं. त्यांच्या बोर्डातून प्रत्येक डिमरला स्वतंत्र तार जायची, शून्य ते दहा व्होल्टची. २४ डिमर, २४ तारा, म्हणून ती मनगटाएवढी केबल. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या यूएसआयटीटी या संस्थेने डीएमएक्स ५१२ ठरवलं. त्यात सगळे आकडे एकाच केबलमधून एकामागून एक पळतात. प्रत्येक चॅनेलला शून्य ते २५५ मधला एक आकडा. पहिल्यापासून ५१२व्यापर्यंत सगळ्यांची हजेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण हजेरीला साधारण २३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ४४ वेळा. प्रत्येक दिवा आपला नंबर येईपर्यंत मोजत बसतो आणि आपल्यापुरते आकडे उचलतो. काका म्हणाले, "म्हणजे पंगत बसलीया, आन् वाढपी एकच." बरोबर. आणि वाढपी थबकला तर सगळी पंगत ताटाकडे बघत बसते, हे पुढे कळलं.

शोधता शोधता यादी लहान झाली. ग्रँडएमए हे नाव मोठमोठ्या शोच्या माणसांच्या तोंडी सतत येतं. त्याचं कॉम्प्युटरवर चालणारं रूप फुकट उतरवता येतं, शिकता येतं, पण प्रत्यक्ष दिव्यापर्यंत आकडे पोचवायचे तर त्यांचंच हार्डवेअर लागतं, आणि ते आमच्या १८,००० च्या गल्लीत राहत नाही. ईटीसीचं इओस हे नाटकासाठीच घडवलेलं. तेही घरी बसून वापरायला फुकट, बाहेर दिवे लावायला त्यांची यूएसबीत खोचायची चावी लागते. तरी मी ते आठवडाभर वापरलं, आणि ते बरंच झालं. चॅमसिसचं मॅजिकक्यू फुकट, आर्टनेटवरून, म्हणजे नेटवर्कच्या केबलीतून, आकडे बाहेरही सोडतं, पण स्क्रीनवर खऱ्या बोर्डाची हुबेहूब नक्कल आहे. ज्याने तो बोर्ड पाहिला आहे त्याच्यासाठी घरच, आमच्या भाचीसाठी विमानाचं कॉकपिट. फ्रीस्टायलर विंडोजवर चालतं, हलकं आहे, रंगीत बटणं झटपट होतात. त्याचा पिंड मला गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमाचा वाटला. आणि क्यूएलसी प्लस. फिनलंडच्या हेक्की युन्निला यांनी सुरू केलेला क्यूएलसी हा प्रकल्प मास्सिमो कालेगारी यांनी पुढे नेला, वाढवला. मुक्तस्रोत, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरसुद्धा, आणि स्वस्तातल्या यूएसबी केबलीशीही बोलतं.

इओस वापरल्याचा फायदा असा की ट्रॅकिंग म्हणजे काय ते कळलं. आमच्या नाटकात पहिल्या अंकात घरातला एक दिवा, म्हणजे त्याचा आभास करणारा हॅलोजन, सलग अकरा क्यूंमध्ये ६० टक्क्यांवर जळतो. ताई एका तालमीत म्हणाल्या, "तो जरा कमी करा, पूर्ण प्रवेशभर." इओसमध्ये पहिल्या क्यूत ६० चे ४५ केले की पुढच्या दहा क्यूंमध्ये तो बदल आपोआप वाहत जातो, जोवर कुणी स्पष्टपणे दुसरा आकडा सांगत नाही तोवर. त्याला क्यू म्हणजे पूर्ण चित्र नसतं, फक्त काय बदललं ते असतं. क्यूएलसी प्लसमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक दृश्य स्वतःपुरतं असतं. अकरा दृश्यं उघडायची, अकरा वेळा आकडा बदलायचा. मी मोजलं, सहा मिनिटं लागली. आणि आमच्या ताईंना मत बदलायला सहा मिनिटं लागत नाहीत.

तरीही मी त्या बाजूने झुकलो नाही, कारण त्याच आठवड्यात काकांनी तो प्रश्न विचारला. लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून मी मोठ्या उत्साहाने दाखवत होतो. हा क्यू, हा त्याचा वेळ, स्पेसबार दाबला की पुढचा, बघा कसा तीन सेकंदात अलगद जातो. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. मग स्क्रीनपुढे आपला उजवा हात धरला, बोटं जरा पसरली आणि म्हणाले, "समदं बेस हाय. पर ह्यात बोट कुठं ठेवायचं?"

मला आधी वाटलं, म्हातारा माणूस आहे, हळहळतोय. पण त्यांनी पुढे जे सांगितलं त्यात हळहळ नव्हती. "नट रोज येकसारखं बोलत न्हाई. आज तीन सेकंद लागलं, उद्या सात. मधी टाळी पडली तर बारा. तुजं यंत्र तीन म्हंजे तीनच करणार."

मग मी परीक्षाच बदलली. गुणांची यादी फाडून टाकली. नाटकातला सात क्यूंचा एक तुकडा घेतला, तोच तुकडा ग्रँडएमए सोडून बाकीच्या चारही सॉफ्टवेअरमध्ये बसवला आणि चार संध्याकाळी एकच खेळ खेळलो. आमचा एक नट संवाद वाचायचा, भाची लॅपटॉपवर, मी घड्याळ घेऊन. नटाला गुपचूप सांगून ठेवलेलं: मध्येच दीड पान गाळ. एकदा मागचंच वाक्य पुन्हा घे. एकदा गप्पच बस. हे काही माझं कल्पनारंजन नव्हतं. हौशी नाटकात पान गळतंच, आणि पान गळलं की नटाला सावरायला समोरचा नट असतो. लाइटवाल्याला कोण असतं?

आकडे वहीत आहेत. एका सॉफ्टवेअरमध्ये बरोबर क्यू शोधून तिथे जायला भाचीला १९ सेकंद लागले, आणि मध्ये तिने चुकून ब्लॅकआउट केला. इओसमध्ये क्यूचा नंबर टाइप करून जायचं असतं. सवयीच्या माणसाला दोन सेकंदांचं काम, पण त्यासाठी नंबर पाठ हवेत, आणि तिला संवाद पाठ होते. क्यूएलसी प्लसच्या क्यू लिस्टमध्ये प्रत्येक ओळीसमोर टिपण लिहायला जागा आहे. आम्ही तिथे क्यूचं नाव न लिहिता नटाचं वाक्य लिहिलं. "आई, मी निघतो." "चहा गार झाला." नटाने उडी मारली की तिने यादीत ते वाक्य डोळ्यांनी गाठायचं आणि त्यावर दोनदा टिचकी मारायची. चार सेकंद. दुसऱ्या दिवशी तीन. त्या दिवशी निवड झाली. ट्रॅकिंग गेलं तर गेलं, अकरा वेळा आकडे मी बदलीन. मला घरी बसून बदलायचेत, तिला चारशे माणसांच्या पाठीमागे बसून.

(इथे एक कबुली. चारांतलं सगळ्यात देखणं सॉफ्टवेअर मला सोडवत नव्हतं. त्यातलं आभासी स्टेज, धुरातून जाणारे झोत बघत मी रात्री एक-एक वाजेपर्यंत बसायचो. काकांनी तेव्हा बंगाली रंगभूमीवरचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांची गोष्ट सांगितली. कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये १९५९ साली 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरत जातं, ते सगळं त्यांनी नुसत्या प्रकाशाने दाखवलं होतं. "त्येच्याकडं काय आभाशी बिभाशी न्हवतं," काका म्हणाले. मी लॅपटॉप मिटला.)

आता केबलीचं. सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणून मी हुरळलो आणि यूएसबीतून डीएमएक्स काढणारी सगळ्यात स्वस्त, बिननावाची केबल मागवली. घरी टेबलावर एका पारवर झकास चालली. तालमीच्या हॉलमध्ये १४ पार लावले तर दिवे मधूनच पापणी लवल्यासारखे लवायचे. कधी दहा मिनिटांत एकदाही नाही, कधी मिनिटात चारदा. भाची म्हणाली, "दादा, मी मेसेज बघितला की होतंय." मी तिला रागावलो. दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली.

कारण केबल लॅबमध्ये नेऊन ऑसिलोस्कोपवर, म्हणजे तारेतल्या सिग्नलची रेघ दाखवणाऱ्या यंत्रावर, लावली, आणि पोरगी अक्षरशः बरोबर होती. अशा स्वस्त केबलीत स्वतःचा मेंदू नसतो, नुसती यूएसबी ते सीरियल करणारी चिप असते. डीएमएक्सची प्रत्येक हजेरी सुरू होण्याआधी लाइन काही क्षण खाली धरावी लागते, त्याला ब्रेक म्हणतात, किमान ९२ मायक्रोसेकंदांचा. तो ब्रेक आणि दोन हजेऱ्यांमधलं अंतर, दोन्ही लॅपटॉपच सांभाळतो. आणि लॅपटॉपला इतर शंभर उद्योग. मी ब्राउझर उघडला की स्कोपवरची हजेरी मागेपुढे सरकायची, मध्ये मोठी मोकळी जागा पडायची. सगळे दिवे ते चालवून घेत नाहीत. वाढपी थबकला की काही पाहुणे थांबतात, काही उठून जातात.

मग एन्टेकच्या डीएमएक्स यूएसबी प्रोसारखा, ज्याच्यात स्वतःचा प्रोसेसर आहे, असा डबा घेतला. लॅपटॉप त्याला फक्त बदललेले आकडे देतो, हजेरी तो स्वतः घेत राहतो, लॅपटॉप अडखळला तरी. १८,००० मधला मोठा घास त्यानेच घेतला. स्कोपवर रेघ दगडासारखी स्थिर. सॉफ्टवेअर निवडण्यात मी सहा आठवडे घालवले होते, आणि जो निर्णय खरं तर आधी घ्यायला हवा होता तो असा एका दुपारी, लॅबच्या स्टुलावर झाला.

बाकीच्या खोड्या पटापट सांगतो. एक पार सगळ्यांच्या बाहेर नाचायचा. त्याच्या मागच्या मेनूत तो सातऐवजी आठ चॅनेलवर राहिला होता, त्यामुळे त्याचं आठवं चॅनेल म्हणजे शेजाऱ्याचं पहिलं. शेजाऱ्याचा डिमर वर गेला की ह्याच्या अंगात यायचं. लाइन लांब झाल्यावर शेवटचे तीन पार थरथरायचे, म्हणून तीन पिनच्या कनेक्टरात दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १२० ओमचा रेझिस्टर सोल्डर करून शेवटच्या दिव्यात खोचला. लॅबमध्ये तो दहा पैशांचा माल, इथे टर्मिनेटर म्हणून रुबाब. लॅपटॉपचं अपडेट बंद, झोपणं बंद, यूएसबीचा वीज वाचवणारा पर्याय बंद, वायफाय बंद, आवाज बंद. भाचीने स्वतःहून फोन काकांच्या खिशात ठेवला.

एक खोडी मात्र जरा सविस्तर, कारण तिने दोन रात्री खाल्ल्या. दुसऱ्या अंकात मेणबत्तीची थरथर आहे. ती मी क्यू लिस्टच्या बाहेर, वेगळ्या बटणावर चेसर, म्हणजे आपोआप फिरत राहणारी दृश्यांची साखळी, करून ठेवली होती. क्यू लिस्टमधलं निळं रात्रीचं दृश्य आलं, मेणबत्तीचं बटण चालू, आणि नटीच्या चेहऱ्यावर आजारी गुलाबी रंग. ताई म्हणाल्या, "हिला कावीळ झालीय का उलटी?" झालं होतं असं की रात्रीचं दृश्य आणि मेणबत्तीचा चेसर, दोघंही एकाच पारवर एकाच वेळी बोलत होती, आणि उजेडाच्या बाबतीत नियम असा की ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो. मेणबत्तीचा लाल जिंकला, रात्रीचा निळा जिंकला, दोघांची युती झाली. जुन्या बोर्डावर हे काकांना पाठ होतं, दोन रांगांतला जो फेडर वर तो खरा. त्यांनी लगेच ओळखलं. मी मात्र सॉफ्टवेअरमध्ये बिघाड शोधत बसलो होतो. शेवटी मेणबत्तीला तिचा स्वतःचा पार दिला, रात्रीच्या दृश्यात त्याला हातच लावला नाही.

आणि मग शेवटचा क्यू. नाटकाच्या अखेरीस म्हातारी खिडकीशी बसून असते आणि सांज उतरते. ताईंना ती सांज पूर्ण एक मिनिटाची हवी होती. एलईडीवर करून पाहिली. सुरुवात छान. मग तळाला आल्यावर उजेड जिन्यावरून उतरल्यासारखा उतरायला लागला. टप, टप, टप. शेवटी एकदम अंधार, कुणी बटण दाबल्यासारखा. गणित सोपं होतं. आकडा १०० वरून शून्यावर यायचा, ६० सेकंदांत, म्हणजे प्रत्येक पायरी अर्ध्या सेकंदाहून जास्त रेंगाळते. वर असताना १०० चे ९९ झाले तर कुणाला कळणार, पण ४ चे ३ म्हणजे पाव उजेड गेला. ह्यात सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, दिव्याला एकच चॅनेल आणि त्यात २५६च आकडे. महागड्या दिव्यांना बारीक पायऱ्यांसाठी दुसरं चॅनेल असतं, आमच्यांना नव्हतं.

काका म्हणाले, "हॅलोजन दे." हॅलोजनची तार तापलेली असते, आकडा खाली गेला तरी ती लगेच गार होत नाही, पायऱ्यांच्या कडा आपोआप घासल्या जातात. शिवाय मंद होताना ती केशरी होत जाते, सांज तशीच होते. मग असं ठरलं: एलईडी पहिल्या पंधरा सेकंदांत निघून जातील, कुणाच्या लक्षात न येता, आणि उरलेली सांज खिडकीच्या बाजूचा एकच हॅलोजन करील.

पण किती सेकंदांत? म्हातारीचं काम करणाऱ्या बाई रोज वेगळ्या थांबतात. कधी शेवटच्या वाक्याआधी श्वास घेतात, कधी डोळे मिटतात. मी ४५ लावले, कमी पडले. ५५ लावले तर त्या बोलून झाल्यावरही उजेड रेंगाळत राहिला, आणि प्रेक्षकाला वाटलं अजून काहीतरी होणार आहे. ताई चिडल्या. भाची रडवेली झाली. काका काही बोलले नाहीत, नुसता हात पुढे धरला, तसाच, बोटं पसरून.

उरलेल्या पैशांत एक छोटी मिडी पेटी आली, आठ फेडरांची, गाणी करणारी मुलं वापरतात तसली. क्यूएलसी प्लस तिला ओळखतं. स्क्रीनवरचा स्लायडर निवडायचा, पेटीवरचा फेडर हलवायचा, दोघांची गाठ पडते. फेडर बोटाएवढा, प्लॅस्टिकचा, काकांच्या मानाने खेळणंच. त्यात आणखी एक गंमत: मिडीचा आकडा १२७ पर्यंतच जातो, म्हणजे डीएमएक्सच्या निम्म्याच पायऱ्या. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "तार हाय की झाकाया."

प्रयोगाच्या दिवशी सकाळी थिएटर हातात आलं. थिएटरची डीएमएक्स लाइन मागून येत होती, आमची केबल तिथपर्यंत पुरेना, ती आणायला मी दोनदा स्कूटरवर पळालो. डिमरांचे पत्ते आमच्या कागदावर होते त्यापेक्षा वेगळे निघाले, एक-एक वर करून पाहायला पाऊण तास गेला. सुदैवाने सॉफ्टवेअरमध्ये फक्त पत्ते बदलले की बाकी सगळं जागच्या जागी राहतं. जुन्या बोर्डाला इथे शिडीवर चढून तारा बदलाव्या लागल्या असत्या. नारळ फुटला. तिसरी घंटा झाली.

पहिल्या अंकात दहाव्या मिनिटाला वीज गेली. जनरेटर चालू होईपर्यंत सात-आठ सेकंद. लॅपटॉप बॅटरीवर, डबा लॅपटॉपच्या यूएसबीवर, त्यामुळे हजेरी अंधारातही चालूच होती. वीज आली तसे हॅलोजन होते तिथेच उजळले, एलईडी दोन सेकंद चाचपडून मागोमाग आले. नटांनी अंधारातही संवाद सोडला नव्हता. भाची पुढच्या क्यूवर बोट ठेवून तशीच बसली होती. उडी मात्र कुणी मारली नाही. इतक्या तयारीनंतर त्या दिवशी एकही पान गळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखं झालं.

शेवटच्या क्यूला भाचीने स्पेसबार दाबला, एलईडी निघायला लागले, आणि ती खुर्ची जरा मागे सरकवून बसली. काका पुढे झुकले. पेटी मांडीवर, अंगठ्याशेजारचं बोट फेडरवर, नजर स्क्रीनकडे नाही, बाईंच्या खांद्याकडे. नंतर मी विचारलं, खांद्याकडे का. "श्वास तितं दिसतो," म्हणाले.

त्या दिवशी सांज ७१ सेकंदांची झाली. भाचीने वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या प्रयोगाला ५८ झाली, तेही लिहिलंय.